काचेवरची पृथ्वी

माझ्या आजीचा एकही फोटो आमच्या घरात नाही. फोटो काढणं आपल्यात बसत नाही, असं मानणाऱ्या पिढीतली ती. ती गेली तेव्हा मी सात वर्षांचा होतो. आज तिला आठवू म्हटलं तर हातातल्या हिरव्या बांगड्या आठवतात, अत्तराचा वास आठवतो. चेहरा मात्र येत नाही. म्हणूनच की काय, अख्ख्या पृथ्वीचा फोटो-अल्बम करायला निघालेल्या एका माणसाची गोष्ट मला फार जवळची वाटते.

त्याचं नाव आल्बेर कान. फ्रान्सच्या अल्सास प्रांतात १८६० साली एका ज्यू गुरांच्या व्यापाऱ्याच्या घरी तो जन्मला. तो दहा-अकरा वर्षांचा असताना युद्ध झालं आणि त्याचा प्रांत जर्मनीच्या ताब्यात गेला. सोळाव्या वर्षी तो पॅरिसला आला, बँकेत चिकटला आणि दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्या-हिऱ्यांच्या खाणींच्या व्यवहारात गडगंज श्रीमंत झाला. पण लहानपणीचं ते युद्ध त्याच्या मनातून गेलं नसावं. माणसं एकमेकांना ओळखत नाहीत म्हणून लढतात, ओळख झाली तर लढणार नाहीत, अशी त्याची श्रद्धा होती.

याच श्रद्धेतून १९०९च्या सुमारास एक अजब उद्योग सुरू झाला. ‘पृथ्वीचं दप्तर’ असं त्याचं नाव मराठीत सांगता येईल. १९१२ पासून भूगोलतज्ज्ञ जाँ ब्रुन हे त्याचे प्रमुख झाले. कानच्या पैशांवर छायाचित्रकार पन्नासेक देशांत हिंडले. आयर्लंडमध्ये १९१३ साली दोन स्त्रियाच कॅमेरा घेऊन गेल्या. स्तेफान पासे हा छायाचित्रकार चीन, मंगोलिया करून त्याच वर्षाच्या अखेरीस आपल्या मुंबईतही उतरला होता.

गंमत म्हणजे ही छायाचित्रं रंगीत होती. ल्युमिएर बंधूंनी १९०७ साली बाजारात आणलेल्या काचा त्यासाठी वापरत. बटाट्याच्या पिठाचे अतिसूक्ष्म कण नारिंगी, हिरव्या आणि जांभळट निळ्या रंगांत रंगवायचे, काचेवर पसरायचे आणि त्यावर प्रकाश टिपणारा थर द्यायचा. फोटो उमटायला काही सेकंद लागत. तोवर समोरच्या माणसानं हलायचं नाही. काच एकच, प्रत नाही. अशा सुमारे ७२ हजार काचा जमल्या. शिवाय तासन्‌तास चालणारी फिल्म वेगळीच.

काम जेमतेम रंगात आलं आणि १९१४ साली महायुद्ध पेटलं. बाजार, लग्नं, पोशाख टिपणारे कॅमेरे आता उद्ध्वस्त गावांकडे वळले. पॉल कास्तेलनो यानं १९१७ साली रँस शहरातली पडझड याच रंगीत काचांवर टिपली. युद्ध संपल्यावरही कान थांबला नाही. पॅरिसजवळच्या आपल्या घरी तो पाहुण्यांना या काचांचे खेळ दाखवी. तिथल्या बागेत जपानी, फ्रेंच, इंग्रजी असे बगिचे शेजारी शेजारी नांदत. रवींद्रनाथ टागोर १९२१ साली तिथं गेले होते. त्यांचंही छायाचित्र त्या दप्तरात आहे. स्वतः कानला मात्र फोटो काढून घेणं आवडत नसे. त्याची छायाचित्रं मोजकीच आहेत!

१९२९ साली शेअर बाजार कोसळला आणि पाठोपाठ कानही बुडाला. १९३१ नंतर काम बंद पडलं. घर, बाग, काचा सारं सरकारी मालकीचं झालं. त्याला तिथंच राहू दिलं, एवढंच. नोव्हेंबर १९४० मध्ये, जर्मन फौजांनी व्यापलेल्या फ्रान्समध्ये, ज्यूंविरुद्धचे कायदे निघू लागले असताना, तो गेला.

मग त्याची श्रद्धा खोटी ठरली का? मी या प्रश्नाशी बराच काळ अडलो आहे. ज्यांच्या घरचं मीठ खाल्लं त्यांचीच घरं पेटवणारी माणसं आपणही पाहिली आहेत. तिथं ओळख कमी नव्हती. चेहरा माहीत असणं आणि त्या चेहऱ्याची लाज वाटणं यांत अंतर आहे, आणि ते काच भरून काढू शकत नाही. शिवाय कानच्या काचा विद्वान, मुत्सद्दी अशा निवडक मंडळींनी पाहिल्या. खंदकात उतरणाऱ्या पोरांनी त्या कधीच पाहिल्या नाहीत.

तरीही तो हरला असं म्हणवत नाही. त्याच्या घरी आज संग्रहालय आहे. नूतनीकरणानंतर २०२२ साली ते पुन्हा उघडलं. ज्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत, अशी हजारो माणसं तिथं रंगांसकट उभी आहेत.

पासे मुंबईत आला तेव्हा माझी आजी सात-आठ वर्षांची पोर असणार. ती मुंबईला कधी गेलीच नव्हती. हे ठाऊक असूनही त्या वेळची छायाचित्रं समोर आली की मी गर्दीतल्या लहान मुली निरखून पाहतो.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)