एक इंचाला एक फूट : फ्रान्सेस ग्लेसनर ली यांची घरं

दिवाळीत अंगणात किल्ला केलेला प्रत्येकजण एक गोष्ट जाणतो. मावळा दरवाजापेक्षा उंच असला तरी आपल्याला चालतं. विहिरीपेक्षा गाय मोठी असली तरी चालतं. कारण तो खेळ आहे, आणि मापाचा हिशोब कुणी मागत नाही. आज ज्या बाईंबद्दल आम्ही बोलणार आहोत, त्यांच्या कामात मात्र हे चालणारं नव्हतं. माप चुकलं, रंग चुकला, तर शिकणाऱ्या पोलिसाची नजर चुकीची तयार होणार. आणि चुकीच्या नजरेचा पोलीस पुढे खऱ्या घरात, खऱ्या प्रेतापाशी जाऊन उभा राहणार.

फ्रान्सेस ग्लेसनर ली यांचा जन्म १८७८ सालचा, शिकागोचा. वडील शेतीच्या यंत्रांच्या धंद्यातले, इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीतले बडे उद्योगपती. भाऊ हार्वर्डला गेला. फ्रान्सेसला कॉलेजात जाऊ दिलं नाही. तिला घरीच शिकवलं, आणि श्रीमंत घरच्या मुलीला यायला हवं ते सगळं तिला आलं: शिवण, विणकाम, घर सजवणं. १९१३ साली आईच्या वाढदिवसाला तिने शिकागो सिम्फनी ऑर्केस्ट्रा बाहुल्यांमध्ये उभा केला. नव्वद वादक, प्रत्येकाच्या हातात त्याचं वाद्य. इथवर ही एका हौशी बाईची गोष्ट आहे.

भावाचा एक हार्वर्डचा मित्र होता, डॉ. जॉर्ज बर्जेस मॅग्रॅथ. पुढे ते बॉस्टनचे मेडिकल एक्झामिनर झाले. आता इथे जरा थांबू. अमेरिकेत संशयास्पद मृत्यूची चौकशी कोरोनर करायचा, आणि अनेक राज्यांत तो चक्क निवडून आलेला माणूस असे, वैद्यकीचा गंधही नसलेला. मॅसॅच्युसेट्सने १८७७ सालीच ते पद मोडून तिथे डॉक्टर नेमले. कोरोनर हा शब्द आपल्या मुंबईकरांना परका नाही. १८७१ च्या कायद्याचा कोरोनर मुंबईत होता, तो थेट १९९९ साली गेला. बाकी महाराष्ट्रात पोलीस, पंच आणि पंचनामा. पद्धत कुठलीही घ्या, दुखणं एकच. डॉक्टरच्या आधी शिपाई पोचतो. त्याने खुर्ची सरकवली, पिस्तूल उचलून टेबलावर ठेवलं, की पुढच्या डॉक्टरने कितीही डोकं चालवलं तरी गेलेलं परत येत नाही.

ली बाईंनी हे दुखणं ओळखलं. हाताशी घरचा पैसा होता. १९३१ मध्ये त्यांच्या मदतीने हार्वर्डमध्ये न्यायवैद्यक विभाग उभा राहिला. १९३४ मध्ये त्यांनी मॅग्रॅथ यांच्या नावाचं ग्रंथालय दिलं, आणि १९३६ मध्ये अडीच लाख डॉलर. ज्या विद्यापीठात त्यांना शिकता आलं नाही, त्याच विद्यापीठात. १९४३ साली न्यू हॅम्पशरच्या राज्य पोलिसांनी त्यांना कॅप्टन केलं, तेव्हा त्या पासष्टीच्या होत्या. १९४५ पासून पोलिसांसाठी खुनाच्या तपासाचे वर्ग सुरू झाले.

पण शिकवायचं कशावर? खऱ्या घटनास्थळी वीस विद्यार्थी नेले तर तेच पुरावा तुडवतील. फोटो घ्यावा, तर फोटोत तेवढंच येतं जे फोटोग्राफरला महत्त्वाचं वाटलं. खरी अडचण तर तीच होती की महत्त्वाचं काय ते ओळखता येत नव्हतं! म्हणून बाईंनी आपली जुनी हौस बाहेर काढली. एक इंचाला एक फूट, म्हणजे बारापट लहान अशा खोल्या. त्यांना नाव दिलं ‘नटशेल स्टडीज ऑफ अनएक्सप्लेन्ड डेथ’.

सुतारकाम राल्फ मोशर यांचं, बाकी बरंचसं बाईंच्या हातचं. बाहुल्यांचे मोजे टाचणीसारख्या बारीक सुयांवर विणलेले. सिगारेटी खऱ्या तंबाखूच्या, हाताने वळून टोकं जाळलेल्या. भिंतीवरचं कॅलेंडर त्या महिन्याचं, त्या वर्षाचं. एका प्रसंगासाठी लाकडी केबिन आधी पूर्ण बांधली आणि मग जाळली, कारण जळकं घर रंगवून दाखवलं तर ते रंगवलेलंच दिसतं. आणि प्रेतं. मेल्यानंतर रक्त खाली उतरून त्वचेवर डाग पडतात, अंग ताठतं, गॅसने मेलेल्याचा रंग लालसर होतो. हे सगळं त्या बाहुल्यांच्या अंगावर आहे.

‘किचन’ हा प्रसंग घ्या. १९४४ चा एप्रिल. स्वयंपाकघरात बाई मरून पडलीय, गॅस चालू, दारांच्या फटीत वर्तमानपत्रं कोंबलेली. आत्महत्या, नाही का? पण सिंकमध्ये अर्धे सोललेले बटाटे आहेत. मरायला निघालेली बाई रात्रीचे बटाटे सोलते का? आता सोलतही असेल, आम्ही कोण सांगणार. पण प्रश्न पडायला आधी बटाटे दिसायला हवेत.

दुसरा, ‘बार्न’. शेतकरी दोराला लटकलेला. बायको सांगते, हा भांडण झालं की गोठ्यात जायचा, गळ्यात फास अडकवून बादलीवर उभा राहायचा, आणि ती समजूत घालायला आली की उतरायचा. त्या दिवशी ती लगेच गेली नाही. पायाखाली बादली नाही, पातळ फळ्यांचं खोकं आहे, आणि त्याचे पाय खोक्यातून आरपार गेलेत.

विद्यार्थ्याला दीड तास मिळायचा. ‘खुनी कोण’ एवढं सांगून सुटका नव्हती. हा कोड्यांचा खेळ नव्हे, हे बाईंनी बजावून ठेवलेलं. आणि साक्षीदार खोटं बोलत असेल, चुकत असेल, हेही लक्षात घ्यायचं.

आम्हाला या खोल्यांत आणखी एक गोष्ट खटकते, चांगल्या अर्थाने. प्रेतं बहुतेक बायकांची आहेत, आणि घरं साधी: भाड्याच्या खोल्या, माळा, शेतघर. प्रेअरी अव्हेन्यूच्या वाड्यात वाढलेल्या बाईने स्वस्त पडदे आणि झिजलेलं जोतं इतक्या बारकाईने करावं! ज्यांच्या मरणाची चौकशी घाईत उरकली जायची, त्यांच्या घरी त्या तपासनिसाला दीड तास बसवत होत्या.

१९६२ मध्ये त्या गेल्या. काही वर्षांत हार्वर्डने तो विभागच बंद केला, आणि खोल्या मेरीलँडच्या चीफ मेडिकल एक्झामिनरच्या कार्यालयात, बाल्टिमोरला पोचल्या. २०१७ मध्ये त्या स्मिथसोनियनच्या रेनविक गॅलरीत मांडल्या गेल्या. त्याआधी संवर्धकांनी आतले जुने, तापणारे दिवे काढून एलईडी बसवले, उजेडाचा रंग मात्र जुनाच राहील हे पाहून. बाल्टिमोरच्या अठरा खोल्यांवर तपासाचे वर्ग आजही चालतात. म्हणून त्यांची बहुतेक उत्तरं जाहीर केलेली नाहीत.