घरी येणारं टपाल सुरक्षित कसं ठेवाल? ओळख चोरी टाळण्यासाठी संपूर्ण माहिती

आपल्या फोनला फिंगरप्रिंट असतो, बँकेच्या ॲपला वेगळा पिन असतो. पण सोसायटीच्या जिन्याखालचे लेटरबॉक्स एकदा नीट बघा. कुणाचं कुलूप गायब, कुणाचं झाकण वाकलेलं, आणि बँकेचं पाकीट अर्धं बाहेर लटकतंय. उरलेलं टपाल वॉचमनच्या टेबलावर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं पडलेलं असतं. फोनवरच्या बऱ्याच फसवणुकींना लागणारी माहिती अशा कागदांवर छापलेली असते. या लेखात मी सांगणार आहे, की या टपालाचा गैरवापर कसा होतो आणि तो कसा थांबवायचा.

एका पाकिटातून काय काय मिळतं?

- बँक किंवा क्रेडिट कार्डाचं स्टेटमेंट: नाव, पत्ता, बँक, कार्ड किंवा खात्याचे काही आकडे आणि अलीकडचे व्यवहार.
- आधारचं पत्र: १२ अंकी क्रमांक, जन्मतारीख, फोटो, पत्ता.
- पॅन कार्ड: १० अक्षरी क्रमांक, जन्मतारीख, वडिलांचं नाव, सही.
- चेकबुक: खाते क्रमांक आणि आयएफएससी कोड.
- पार्सलचं लेबल: नाव, पत्ता आणि अनेकदा मोबाईल नंबर.

यातल्या एकाच कागदावरून सहसा खातं रिकामं होत नाही. खरी गडबड हे तुकडे जोडल्यावर सुरू होते. समजा, कुणीतरी फोन करून तुमचं पूर्ण नाव घेतलं, कार्डाचे शेवटचे चार आकडे सांगितले आणि गेल्या महिन्यातली खरेदीही अचूक सांगितली. साहजिकच आपल्याला वाटतं, हा बँकेतलाच माणूस. मग तो ओटीपी मागतो आणि आपण देऊन बसतो. कागदातून ओटीपी चोरता येत नाही, पण तो द्यायला लावणारा विश्वास मात्र कमावता येतो. म्हणून समोरच्याला आपली माहिती आहे, एवढ्यावरून तो खरा आहे असं कधीच समजू नका.

अजून एक गोष्ट. ई-आधारच्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी कॅपिटल अक्षरं आणि जन्मवर्ष. तुमची फाईल कुणाच्या व्हॉट्सॲपवर पडून असेल आणि त्याला जन्मतारीख माहीत असेल, तर तो पासवर्ड काही कामाचा नाही.

भाड्याने राहणाऱ्यांनी हे आधी वाचा

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी पुण्या-मुंबईत राहणारे आपण ११ महिन्यांचा करार संपला की घर बदलतो. बँकेतला पत्ता मात्र तोच राहतो. मग नवं कार्ड जुन्या फ्लॅटवर जातं आणि तिथे राहणारा कोण, हे आपल्याला माहीतही नसतं. माझ्या मते हाच सगळ्यात दुर्लक्षित धोका आहे. घर सोडताना एवढं कराच:

१. बँक, क्रेडिट कार्ड, विमा, डिमॅट आणि आधार, या सगळ्यांत पत्ता बदला.
२. शॉपिंग ॲपमधला जुना पत्ता काढून टाका.
३. जुन्या भागातल्या पोस्ट ऑफिसात लेखी अर्ज देऊन टपाल नव्या पत्त्यावर वळवून घ्या. कुरियरला हे लागू होत नाही, हे लक्षात ठेवा.

रोजच्या सवयी

- लेटरबॉक्सला चालू कुलूप लावा आणि टपाल रोज काढा. गावाला जाणार असाल तर विश्वासू शेजाऱ्याकडे चावी द्या.
- स्टेटमेंट ईमेलवर घ्या. जे पाकीट येणारच नाही, ते चोरीला जाणार नाही.
- नवं कार्ड, चेकबुक किंवा पासपोर्ट निघाल्याचा मेसेज आला की ट्रॅकिंग नंबर जपून ठेवा. ट्रॅकिंगवर ‘डिलिव्हर्ड’ दिसतंय पण हातात काहीच नाही, तर त्याच दिवशी चौकशी करा.
- जुनी स्टेटमेंट्स तशीच रद्दीत देऊ नका. नाव, नंबर आणि जन्मतारखेचा भाग बारीक फाडून पाण्यात भिजवा, लगदा झाला की टाका.
- पार्सलचा खोका टाकण्याआधी लेबल सोलून फाडा.
- पूर्ण आधारऐवजी मास्क्ड आधार चालत असेल तिथे तोच द्या. त्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात. झेरॉक्स द्यावीच लागली तर त्यावर आडवं कारण आणि तारीख लिहा.

आई-बाबांचं टपालही याच यादीत धरा. पेन्शनची, विम्याची, एफडीची पत्रं बहुतेक घरांत अजून कागदावरच येतात.

पाकीट गहाळ झालंय अशी शंका आली तर?

१. कार्ड किंवा चेकबुक: बँकेच्या ॲपमधून कार्ड लगेच ब्लॉक करा. चेकबुक असेल तर ते चेक थांबवायला सांगा.
२. आधार: बायोमेट्रिक लॉक करा, म्हणजे तुमच्या बोटांच्या ठशांवरून पडताळणी होणार नाही.
३. सिम: संचार साथी पोर्टलवर तुमच्या नावावर किती मोबाईल नंबर आहेत ते तपासा. अनोळखी नंबर दिसला तर तिथूनच कळवा. फोनचं नेटवर्क अचानक गेलं आणि बराच वेळ आलं नाही, तर डुप्लिकेट सिमची शक्यता लक्षात घेऊन कंपनीला विचारा.
४. कर्ज: क्रेडिट रिपोर्ट काढा. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या चारही कंपन्या वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट मोफत देतात. दर तीन महिन्यांनी एकेका कंपनीचा काढला, की वर्षभर फुकट लक्ष राहतं. त्यात ‘चौकशी’चा भाग नक्की वाचा. तुम्ही अर्ज न केलेल्या बँकेचं नाव तिथे असेल, तर कुणीतरी तुमच्या नावावर प्रयत्न केलाय.
५. पैसे गेले असतील: १९३० वर फोन करा आणि राष्ट्रीय सायबर क्राईम पोर्टलवर तक्रार नोंदवा. बँकेलाही लगेच लेखी कळवा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

नवं कार्ड चोरीला गेलं तर चोर लगेच ऑनलाईन खरेदी करू शकतो का?
सहसा नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे ऑक्टोबर २०२० पासून नव्या कार्डावर ऑनलाईन, परदेशी आणि टॅप करून होणारे व्यवहार बंदच असतात. ते आपण स्वतः सुरू करायचे असतात. तरीही पाकीट वेळेत आलं नाही तर कार्ड ब्लॉक करून दुसरं मागवा.

दुसऱ्याची ओळख वापरणं गुन्हा आहे का?
हो. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-सी नुसार दुसऱ्याचा पासवर्ड, डिजिटल सही किंवा ओळख पटवणारी अशी खूण फसवणुकीने वापरली, तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

आज घरी गेल्यावर लेटरबॉक्सचं कुलूप तपासा आणि बँकेच्या ॲपमध्ये तुमचा पत्ता कोणता आहे तेही बघा. दोन्ही मिळून पाच मिनिटांचं काम आहे.