दोन सह्यांचा पाळक

ऑक्टरार्डर हे स्कॉटलंडमधल्या पर्थशायरचं छोटं गाव. १८३४ साली तिथल्या मंडळीला पाळक हवा होता. तो नेमायचा हक्क किनूलच्या अर्लकडे होता आणि त्याने रॉबर्ट यंग या तरुणाचं नाव पुढे केलं. रिवाजाप्रमाणे मंडळीने बोलावणं लिहून त्यावर सह्या करायच्या होत्या. तीन हजारांच्या वस्तीत सह्या झाल्या दोन. उलट ३३० कुटुंबप्रमुखांपैकी २८७ जणांनी पुढे येऊन नकार नोंदवला.

मी पाळकाची नात आहे. आजोबा जालन्याकडच्या खेड्यांत मंडळ्या सांभाळायचे. ते म्हणत, "ज्यांनी आपल्याला बोलावलंच नाही, त्यांच्या घरी कोणी शेवटच्या घटका मोजत असताना प्रार्थनेला जायचं कुठल्या तोंडानं?" स्कॉटिश पाळकांच्या या भांडणाबद्दल मी पुढे बरंच वाचलं, पण त्याचं मर्म मला आजोबांच्या या प्रश्नातच सापडतं.

१७१२च्या कायद्याने स्कॉटलंडमध्ये पाळक नेमण्याचा हक्क जमीनदारांना परत मिळाला होता. जवळपास एकतृतीयांश जागा खुद्द राजसत्तेच्या हातात होत्या. हा हक्क आपल्याकडच्या वतनासारखा वारशाने चालत यायचा. अर्लसाहेब कुठल्या चर्चला जातात, जातात तरी का, याला महत्त्व नव्हतं. चर्च ऑफ स्कॉटलंडमधल्या 'मॉडरेट' म्हणवणाऱ्या पाळकांना यात फारसं वावगं वाटत नसे. कायदा आहे तर पाळावा, आणि शिकलेला, सभ्य माणूस मिळाला की झालं, असं त्यांचं म्हणणं. समोरच्या गटाला लोक इव्हँजेलिकल म्हणत. त्यांची मतं कर्मठ होती. १६४७चा वेस्टमिन्स्टरचा विश्वासांगीकार त्यांना अक्षर न् अक्षर मान्य होता, रविवारी काम वर्ज्य होतं, उपासनेत वाद्य चालत नव्हतं. मंडळीचा मस्तक ख्रिस्त आहे आणि तिच्या आध्यात्मिक कारभारात दुसऱ्या कोणाचा हुकूम चालणार नाही, ही त्यांची श्रद्धा होती. म्हणूनच १८३४मध्ये चर्चच्या सर्वोच्च सभेत, जनरल असेंब्लीत, बहुमत मिळताच त्यांनी ठराव केला, की बहुसंख्य कुटुंबप्रमुखांनी नाकारलेला उमेदवार मंडळीवर लादायचा नाही. नकाराचा हा हक्क फक्त पुरुषांना होता. बायकांना विचारायचं तेव्हा कोणाच्या मनातही आलं नाही.

या ठरावामुळे नाकारला गेलेला यंग कोर्टात गेला. एडिंबराच्या न्यायालयाने १८३८मध्ये आणि हाऊस ऑफ लॉर्ड्सने १८३९मध्ये निकाल त्याच्या बाजूने दिला. तो वाचून क्रोमार्टीचा ह्यू मिलर पेटून उठला. हा मूळचा पाथरवट. त्याने निकाल देणाऱ्यांपैकी लॉर्ड ब्रूमला जाहीर पत्र लिहिलं आणि पुढे 'द विटनेस' या वृत्तपत्राचा संपादक म्हणून याच लढ्यात उतरला. मग १८४१च्या जानेवारीत मार्नोकची गोष्ट घडली. तिथल्या उमेदवाराच्या बोलावण्यावर एकच सही होती, गावातल्या खाणावळवाल्याची. तरी कोर्टाच्या आदेशाने दीक्षाविधी ठरला. मंडळीने आपला विरोध वाचून दाखवला, बायबलं उचलली आणि सगळे जण बर्फात बाहेर पडले. मागे उरलेल्या चर्चमध्ये विधी पार पडला. वाचताना मला विधी करणाऱ्या त्या पाळकांचीच कीव येते. ज्यांच्यासाठी पाळक नेमायचा, ती माणसंच उठून गेली होती.

इव्हँजेलिकलांचं म्हणणं सरकार ऐकेना. १८ मे १८४३ रोजी एडिंबराच्या सेंट अँड्र्यूज चर्चमध्ये असेंब्ली भरली. अध्यक्ष डेव्हिड वेल्श यांनी निषेधपत्र वाचलं, ते टेबलावर ठेवलं आणि दाराकडे चालू लागले. त्यांच्यामागे इव्हँजेलिकलांचे पुढारी टॉमस चामर्स, आणि मग रांगच लागली. उतारावरून चालत सगळे कॅननमिल्सच्या टॅनफील्ड सभागृहात पोहोचले आणि चामर्स यांच्या अध्यक्षतेखाली फ्री चर्च स्थापन झालं. सुमारे बाराशे पाळकांपैकी अखेर ४७४ जणांनी सरकारी चर्च सोडलं. वर्षाला एक लाख पौंडांहून अधिक वेतनावर त्यांनी पाणी सोडलं.

रकमेपेक्षा मला त्यांच्या घरांचा विचार जास्त अस्वस्थ करतो. पाळकाचं घर चर्चच्या मालकीचं. चर्च सोडण्याच्या पत्रावर सही केली की घर गेलं. ज्या बायकांना पाळक निवडताना मत नव्हतं, त्यांनीच भांडीकुंडी बांधली, लेकरं आवरली आणि भाड्याच्या खोल्यांत संसार मांडला. आमची आजी तीनदा बिऱ्हाड हलवून आजोबांबरोबर वेगवेगळ्या गावी राहिली. तिच्याबद्दल मंडळीच्या कुठल्याही अहवालात एक ओळ नाही. त्या स्कॉटिश बायकांना इतिहासात जागा मिळायला हवी, असं मला म्हणूनच फार वाटतं.

पुष्कळ जमीनदारांनी नव्या चर्चला जागा नाकारली. सूनार्टच्या खाडीकाठी स्ट्रॉन्शन गावात सर जेम्स रिडेल यांनी इंचभर जमीन दिली नाही. तेव्हा लोकांनी क्लाइड नदीवर लोखंडी चर्चच बांधून घेतलं आणि १८४६ साली ते खाडीत नांगरून ठेवलं. शंभर माणसं आत आली की ते इंचभर पाण्यात जाई, त्यामुळे रविवारची हजेरी काठावरून कळायची, असं सांगतात. जमिनीवर जागा नाही तर पाण्यावर उपासना करू, या जिद्दीपुढे मी नतमस्तक आहे.

एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. धर्म आणि राज्य वेगळे ठेवा, असं या माणसांचं म्हणणं नव्हतं. सरकारने चर्चला पोसावं, पण त्याच्यावर हुकूम चालवू नये, ही चामर्स यांची भूमिका अखेरपर्यंत कायम होती. त्यांचं स्वातंत्र्य मंडळीपुरतं होतं. त्याची हद्द कुठे संपते, हे लगेचच दिसलं. १८४४मध्ये फ्री चर्चचे प्रतिनिधी अमेरिकेत मदत मागायला गेले आणि सुमारे तीन हजार पौंड घेऊन आले. त्यात गुलामांच्या मालकांचा पैसा होता. गुलामीतून निसटून आलेला फ्रेडरिक डग्लस १८४६मध्ये स्कॉटलंडभर सभा घेत हिंडला. 'पैसे परत करा' ही घोषणा भिंतींवर रंगली. चामर्स, कॅंडलिश, कनिंगहॅम या फ्री चर्चच्या पुढाऱ्यांनी धर्मशास्त्राचा काथ्याकूट केला आणि पैसे ठेवून घेतले. अर्लचा हुकूम झुगारणाऱ्यांना डग्लसचं म्हणणं कळलं नसेल, यावर माझा विश्वास बसत नाही. त्यांना ते कळलं होतं, पण नवी चर्चं उभी करायची होती. हा डाग पुसायचा प्रयत्न कोणी करू नये.

या फुटीची झळ मुंबईलाही पोहोचली. भारतातले चर्च ऑफ स्कॉटलंडचे सगळे मिशनरी फ्री चर्चमध्ये गेले. मुंबईत रॉबर्ट नेस्बिट आणि मरे मिचेल होते. त्यांचे सहकारी जॉन विल्सन तेव्हा आपले शिष्य धनजीभाई नौरोजी यांना घेऊन इजिप्त, पॅलेस्टाईनमार्गे मायदेशी निघाले होते, तेही फ्री चर्चमध्येच सामील झाले. मिशनच्या शाळेची इमारत जुन्या चर्चला सोडून द्यावी लागली. आजच्या विल्सन कॉलेजची परंपरा या सोडून दिलेल्या इमारतीतूनही जाते.

त्याच १८४३ साली नेस्बिट यांनी नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाला बाप्तिस्मा दिला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपतही मिशनरींकडे राहायला आला होता. तो बाराएक वर्षांचा होता. बाप कोर्टात गेला आणि कोर्टाने मुलगा बापाच्या हवाली केला. त्याला पुन्हा जातीत घ्यावं म्हणून बाळशास्त्री जांभेकर पुढे सरसावले आणि त्यासाठी त्यांनी सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. मी ख्रिस्ती घरातली असूनही सांगते, कोर्टाचा निकाल योग्य होता. ऑक्टरार्डरमध्ये लोकांच्या संमतीसाठी जीव टाकणाऱ्यांच्या सोबत्यांनी मुंबईतल्या त्या बापाच्या संमतीचाही विचार करायला हवा होता.

नारायणरावांची गोष्ट वेगळी. ते वयात आलेले होते, त्यांनी स्वतः निवड केली आणि ती निभावली. १८५४मध्ये त्यांना फ्री चर्चची पाळकदीक्षा मिळाली. पुढे निजामाच्या राज्यात जालन्याजवळ त्यांनी बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं. गावात आले ते बहुतांश मांग समाजातले लोक. ब्राह्मण घरात जन्मलेला पाळक त्यांच्यात राहिला, त्यांच्या पंक्तीला बसला. शिकवण कडक स्कॉटिश, पण डोक्यावरची पगडी त्यांनी उतरवली नाही. १८७३मध्ये न्यूयॉर्कच्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेत ते पगडी घालूनच बोलायला उभे राहिले.

पुढच्याच वर्षी पार्लमेंटने पाळक नेमण्याचा जमीनदारांचा हक्क रद्द केला. चामर्स जाऊन तेव्हा सत्तावीस वर्षं झाली होती. फुटून निघालेल्यांच्या वारसांपैकी बहुतेकांना जुन्या चर्चमध्ये परतायला १९२९ साल उजाडलं.