बैजूचे दोन आवाज

१९५२ सालच्या ‘बैजू बावरा’मधला शेवटचा दरबारी सामना मी कितीतरी वेळा पाहिला आहे, पण त्यातली खरी गंमत फार उशिरा लक्षात आली. सिनेमाभर बैजू महंमद रफीच्या आवाजात गातो. अकबरापुढे तानसेनाशी गाठ पडते तेव्हा मात्र त्याचा आवाज बदलतो. तिथे तानसेनासाठी उस्ताद अमीर खाँ गातात आणि बैजूसाठी विष्णु दिगंबरांचे चिरंजीव द. वि. पलुसकर.

म्हणजे शास्त्रीय आणि लोकप्रिय एकत्र आणतानाही संगीतकार नौशादनी त्यांच्यातली उतरंड शाबूत ठेवली. प्रेमाला, भक्तीला रफी चालतो. विद्येची परीक्षा असली की तालमीतला गवईच हवा.

त्याच वर्षी डॉ. बाळकृष्ण केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. आकाशवाणीवर त्यांनी शास्त्रीय संगीताला मानाची जागा दिली आणि सिनेगीतांना दार बंद केलं. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. अखेर १९५७मध्ये ‘विविध भारती’ सुरू करावी लागली.

केसकर जी भिंत बांधू पाहत होते, तिच्यातून याच सिनेमातले मालकंस आणि दरबारी आरपार गेले होते. मला स्वतःला मालकंस पहिल्यांदा भेटला तो मैफलीत नव्हे, रफीच्या भजनात. सामना पलुसकरांच्या गळ्यानं जिंकला खरा. पण राग घरोघरी नेला तो परीक्षेला न बसवलेल्या रफीनं.