इंग्रजी शब्दकोश आणि अक्षरशोध : एक ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

शब्दकोश हे भाषेचे भांडार मानले जाते. परंतु भांडारातील वस्तू ज्या क्रमाने मांडलेल्या असतात, त्या क्रमानेच त्या हाती लागतात. इंग्रजी कोशाची मांडणी आद्याक्षरापासून होते. त्यामुळे ‘एस’ने सुरू होणारे शब्द त्वरित सापडतात, मात्र ज्यांचा शेवट ठरावीक अक्षरांनी होतो किंवा ज्यांत पाचही स्वर आले आहेत असे दीर्घ शब्द कोणते, या प्रश्नांपुढे तोच कोश मुका राहतो. असे शब्द शोधण्यासाठी कोणते मार्ग निघाले आणि त्यांचा खुद्द कोशावर काय परिणाम झाला, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेण्यात आला आहे.

आद्याक्षर आणि अंत्याक्षर

रॉबर्ट कॉड्री याचा १६०४ मधील ‘टेबल अल्फाबेटिकल’ हा पहिला एकभाषी इंग्रजी कोश मानला जातो. त्यात सुमारे २,५०० शब्द होते. वाचकाने प्रथम वर्णक्रम पाठ करावा, अशी सूचना त्याला प्रारंभीच द्यावी लागली. यावरून आज स्वाभाविक वाटणारा हा क्रम त्या काळी शिकवावा लागत होता, हे दिसून येते.

वस्तुतः आद्याक्षराचा क्रम हा एकमेव पर्याय नव्हता. पीटर लेव्हिन्स याने १५७० मध्येच आपला इंग्रजी-लॅटिन कोश शब्दांच्या अंत्यांनुसार रचला होता. जॉन वॉकर याने १७७५ मध्ये संपूर्ण कोश शेवटच्या अक्षरापासून उलट क्रमाने लावला. यमक, वर्णलेखन व उच्चार या तिन्ही गरजा भागविणे हा त्याचा हेतू होता. संस्कृतातील ‘मेदिनीकोश’ही अनेकार्थी शब्दांची विभागणी कान्त, खान्त अशी अंत्य व्यंजनानुसार करतो. तात्पर्य, कोणता प्रश्न विचारला जाणार हे ठरले की कोशाचा क्रमही त्यानुसार बदलतो.

कोडेप्रेमींचा हातशोध

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या शोधाला छंदाचे रूप आले. ४ जुलै १८८३ रोजी न्यूयॉर्क येथे कोडेप्रेमींची संघटना स्थापन झाली. पुढे ती ‘नॅशनल पझलर्स लीग’ या नावाने ओळखली जाऊ लागली. २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या वृत्तपत्रात आर्थर विन याचे पहिले शब्दकोडे प्रसिद्ध झाले आणि हा छंद घरोघरी पोहोचला. कोडे सोडविणाऱ्यास शब्दाची लांबी व मधली एक-दोन अक्षरे ठाऊक असतात, आद्याक्षर मात्र बहुधा नसते. साहजिकच अक्षरसंख्येनुसार शब्द देणारे स्वतंत्र कोश तयार होऊ लागले.

कोशकारांनाही हीच अडचण होती. मेरियम-वेबस्टर संस्थेत १९३० च्या दशकापासून शब्द उलट्या क्रमाने टंकलिखित करून पत्रे तयार करण्याचे काम सुरू झाले. ते १९७० च्या दशकापर्यंत चालले आणि पत्रांची संख्या सुमारे ३,१५,००० झाली. एकाच प्रत्ययाने संपणारे शब्द एकत्र पाहता यावेत, एवढ्यासाठी हे श्रम होते.

दीर्घ शब्दाचा मोह

शोधाची ओढ कधी कधी निर्मितीकडे वळते. १९३५ मध्ये उपरोक्त संघटनेचे अध्यक्ष एव्हरेट स्मिथ यांनी ४५ अक्षरांचा एक शब्द घडविला. ‘न्यूमोनो’पासून सुरू होऊन ‘कोनिओसिस’ने संपणाऱ्या या शब्दाचा अर्थ, ज्वालामुखीतील सिलिकाची अतिसूक्ष्म धूळ श्वासावाटे गेल्याने होणारा फुप्फुसांचा विकार, असा सांगण्यात आला. वृत्तपत्राने त्याची दखल घेतली आणि १९३९ मध्ये तो वेबस्टरच्या बृहत्कोशाच्या पुरवणीत आला. ऑक्सफर्ड कोशाने १९८२ च्या पुरवणी खंडात त्याची नोंद केली, परंतु तो कृत्रिम असून मुख्यतः लांबीचे उदाहरण म्हणूनच आढळतो, हेही नमूद केले.

या घटनेची दुसरी बाजू गंभीर आहे. त्याच काळात सिलिकाची धूळ खरोखरच माणसे मारत होती. वेस्ट व्हर्जिनियातील हॉक्स नेस्ट बोगद्याचे खोदकाम १९३० मध्ये सुरू झाले. त्यात शेकडो कामगार, त्यांतही बहुसंख्य कृष्णवर्णीय, सिलिकोसिसने दगावले. १९३६ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीपुढे त्याची सुनावणी झाली. कामगारांच्या रोगाला नऊ अक्षरांचे नाव पुरेसे होते. पंचेचाळीस अक्षरांची गरज रोग्याला वा वैद्याला नव्हती, ती शब्द मोजणाऱ्याला होती.

यंत्राचा प्रवेश

दिमित्री बोर्गमन यांचे ‘लँग्वेज ऑन व्हेकेशन’ हे पुस्तक १९६५ मध्ये आले. १९६८ मध्ये या विषयास वाहिलेले ‘वर्ड वेज’ हे त्रैमासिक सुरू झाले व २०२० पर्यंत चालले. १९६८ मध्येच केन थॉम्प्सन यांनी मजकुरातील अक्षरांचे आकृतिबंध संगणकाद्वारे शोधण्याची रीत प्रसिद्ध केली. तिचा पाया स्टीफन क्लीनी यांच्या १९५० च्या दशकातील गणिती मांडणीत होता. १९७३ मध्ये युनिक्स प्रणालीत ‘ग्रेप’ हे साधन आले. ‘फसीशस’ किंवा ‘अ‍ॅब्स्टेमियस’ यांसारखे, पाचही स्वर वर्णक्रमाने येणारे शब्द शोधण्यास पूर्वी कोशाची पाने चाळावी लागत. आता एका ओळीची आज्ञा पुरेशी ठरली.

निष्कर्ष

कॉड्रीपासून संगणकापर्यंतच्या या प्रवासात कोशाचे बंधन क्रमाकडून यादीकडे सरकलेले दिसते. यंत्रामुळे कोणत्याही अक्षराने शब्द गाठता येतो. परंतु यादीत काय असावे, हे यंत्र ठरवीत नाही. यादीतला १९३५ चा तो शब्द आणि ‘सिलिकोसिस’ त्याच्या लेखी सारखेच. लोकांच्या वापरातून आलेला शब्द कोणता आणि केवळ लांबीसाठी घडविलेला कोणता, हा विवेक कोशकाराने व वाचकाने स्वतःकडेच ठेवावा लागतो.