बिब्याचा चटका

पांढरकवड्याला नागपूर-हैदराबाद हायवेवर तुम्ही चहाला थांबलात. समोरच्या ट्रकला लिंबू-मिरची लोंबतेय, आणि त्याच दोऱ्यात एक काळा बिबा. त्याच्याकडे बघता बघता डांबर विरतं. पायाखाली बैलगाडीची चाकोरी, पाय अनवाणी आणि टाचेत बाभळीचा काटा.

साल 1904. जिल्ह्याचं नाव अजून वणी. पुढच्या वर्षी ते यवतमाळ होईल. पौषातली सकाळ. तुम्ही लंगडत कोलाम आदिवासींच्या पोडावर, म्हणजे वस्तीवर, पोचता.

अंगणात बिबे वाळतायत. नारिंगी बोंड आणि त्याच्या टोकाला काळी बी. आंबा-काजूच्याच कुळातलं हे झाड. बोंड सुकवून खातात. बीच्या आतली गोडंबी लाडवात घालतात, बाळंतिणीला देतात. गोडंबीभोवतीच्या टरफलात मात्र जहाल तेल असतं. परीट त्याला चुना लावून कपड्यावर खूण करतो, ती कितीही धुतली तरी जात नाही.

म्हातारी तुमची टाच मांडीवर घेते. औषधाआधी तिचा प्रश्न येतो, "तुले कधी बिबा उतला काय?"

हा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटतो. काहींचं अंग या झाडाखाली बसल्यानंही सुजतं, फोड येतात. अशा माणसाला ती बिबा लावणार नाही.

तुम्ही मान हलवून नाही म्हणता. ती काटा काढते, जखमेभोवती तिळाचं तेल चोळते. सुई बिब्यात टोचून बिबा दिव्यावर धरते. तेल चुरचुरतं, सुईच्या टोकाशी काळा थेंब जमतो.

"हालू नोको, बापा. चटका बसन, पन पाय पिकनार नाई."

चटका बसतो. डोळ्यांत पाणी येतं आणि हात डोळ्यांकडे जातो. ती मनगट घट्ट पकडते. बोटाला लागलेला कणही डोळ्याला पुरेल.

कुणाचं जमलेलं काम बिघडवलं की आपण म्हणतो, बिब्बा घातला. भाषेनं या झाडावर अन्याय केलाय. अनवाणी कापूस वेचणाऱ्या किती पायांच्या भेगा याच बिब्यानं भरल्या!

ट्रकचा हॉर्न वाजतो. चहा निवलाय. क्लीनर जुना दोरा तोडून रस्त्यावर टाकतो, काळा बिबा घरंगळत तुमच्या चपलेपाशी येतो. तुम्ही पाऊल मागे घेता आणि चहावाल्याच्या पोराला हाक मारता, "हात नको लावूस रे त्याला."