भूमिकाखेळातील स्वरचित मोहीम

भूमिकाखेळातील स्वरचित मोहीम : मेजाभोवती बसून खेळावयाच्या भूमिकाखेळात प्रत्येक खेळाडू एका काल्पनिक पात्राची भूमिका घेतो आणि पंच त्या पात्रांभोवतीचे जग उभे करतो. त्याच जगात, त्याच पात्रांसह अनेक बैठकींतून पुढे चालणाऱ्या खेळमालिकेस ‘मोहीम’ म्हणतात. मोहिमेचे जग पंचाने स्वतः कल्पिलेले असल्यास ती स्वरचित मोहीम होय. मोहिमेत अंतिम जय-पराजय नसतो. प्रत्येक कृतीचा परिणाम मात्र पुढील बैठकीतही टिकून राहतो.

पूर्वपीठिका : मोहीम ही संज्ञा व पंचाची कल्पना या दोन्ही गोष्टी युद्धक्रीडेतून आल्या. गेओर्ग हाइनरिख रूडोल्फ फोन राइसव्हिट्स या प्रशियन अधिकाऱ्याने १८२४ मध्ये लष्करी प्रशिक्षणासाठी एका युद्धक्रीडेचे नियम प्रसिद्ध केले. तीत बुद्धिबळाच्या पटाऐवजी १:८,००० प्रमाणाचे नकाशे होते. खेळाडू पंचाकडे लेखी आज्ञा देत आणि चकमकींचा निकाल फाशांनी ठरे. प्रत्येकास आपल्या सैन्याच्या दृष्टिपथातील तेवढेच कळे. संपूर्ण स्थितीचे ज्ञान फक्त पंचास असे. पुढे १८७६ मध्ये फेर्दी द्यू व्हेर्न्वा याने नियमांच्या जंजाळापेक्षा अनुभवी पंचाच्या निर्णयास महत्त्व देणारी मुक्त पद्धती मांडली. चार्ल्स टॉटन या अमेरिकन अधिकाऱ्याच्या १८८० मधील ग्रंथातही पंचास व्यापक अधिकार होते.

उदय : टॉटनच्या ग्रंथाचा प्रभाव सु. नव्वद वर्षांनी मिनेसोटा राज्यातील हौशी खेळाडूंवर पडला. डेव्हिड वेस्ली याने १९६९ मध्ये नेपोलियनकालीन एका काल्पनिक प्रशियन नगरावर खेळ रचला व खेळाडूंना सैन्यांऐवजी नगराध्यक्ष, सावकार अशा एकेका व्यक्तीची भूमिका दिली. खेळाडू ठरलेली चौकट सोडून परस्परांशी गुप्त वाटाघाटी करू लागले, तेव्हा हा प्रयोग फसला असेच वेस्लीला वाटले. खेळाडूंनी मात्र तोच प्रकार पुन्हा खेळण्याचा आग्रह धरला.

वेस्लीचा सहकारी डेव्हिड आर्नेसन (१९४७–२००९) याने १९७१ मध्ये ब्लॅकमूर नावाचे मध्ययुगीन, अद्‌भुतरम्य जग उभारले. त्यात एक गाव, एक किल्ला व किल्ल्याखालील भुयारे होती. पात्रांचा अनुभव व सामर्थ्य बैठकीगणिक वाढत जाई. खेळाडू भुयारांतील धन शोधण्यात गुंतले असता शत्रूने किल्ला जिंकला, तेव्हा आर्नेसनने तो निकाल पुसून टाकला नाही. खेळाडूंची पात्रे हद्दपार झाली आणि पुढील खेळ त्या वनवासातच सुरू राहिला. या प्रकारच्या खेळाचे मर्म या प्रसंगात स्पष्ट दिसते.

आर्नेसनने १९७२ च्या अखेरीस विस्कॉन्सिनमधील लेक जिनीव्हा येथे हा खेळ गॅरी गायगॅक्स (१९३८–२००८) यास दाखविला. गायगॅक्सने लगेच ग्रेहॉक ही स्वतःची मोहीम सुरू केली. तिच्या किल्ल्यातील पहिले शोधक त्याचीच मुले होती. दोघांच्या नावे जानेवारी १९७४ मध्ये डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा तीन पुस्तिकांचा संच निघाला. पहिल्या छपाईत त्याच्या १,००० प्रती होत्या.

रचना : या पुस्तिकांत तयार जग नव्हते, ते कसे रचावे याचे मार्गदर्शन होते. खेळ सुरू होण्यापूर्वी पंचाने भुयाराच्या किमान सहा मजल्यांचे नकाशे चौकटीच्या कागदावर काढावेत, दालनांना क्रमांक देऊन तेथील प्राणी व धन यांची नोंद ठेवावी, अशी अपेक्षा होती. मजला जितका खोल तितका धोका व लाभ अधिक असे. एका मोहिमेत चार ते पन्नास खेळाडू सामावतील व साधारण वीस खेळाडूंमागे एक पंच असावा, असा अंदाज दिला होता. अनेक गट एकाच जगात वेगवेगळ्या दिवशी खेळत असल्याने कालगणनेची वही अत्यावश्यक ठरे. एका गटाने लुटलेले दालन दुसऱ्यास रिकामेच सापडे. जग लहान वस्तीपासून सुरू करून खेळाडू जातील त्या दिशेने वाढविणे, ही पद्धती यातूनच रूढ झाली. घटनांचा शेवट आधीच ठरविणारा पंच खेळाडूंचे निर्णय निरर्थक करतो. याउलट काहीच तयारी नसलेल्या पंचाच्या जगात निर्णयांना आधार उरत नाही. या दोहोंतील तोल साधणे हेच पंचाचे खरे कौशल्य होय.

स्वरचित व तयार मोहिमा : आपल्या वतीने कल्पना करण्याचे काम वाचकांनी लेखकांवर सोपवू नये, असाच मूळ पुस्तिकांच्या समारोपाचा आशय होता. तथापि सर्व पंचांना तेवढी सवड नव्हती. जजेस गिल्ड या संस्थेने १९७६ मध्ये एका काल्पनिक नगराचे तपशीलवार वर्णन विक्रीस आणले आणि १९७८ पासून मूळ प्रकाशनसंस्थेनेही तयार साहसकथा काढल्या. १९८४ मध्ये सुरू झालेल्या ड्रॅगनलान्स मालिकेत कथानक बरेचसे पूर्वनियोजित होते. त्यामुळे कथेला डौल आला, पण खेळाडूंचे स्वातंत्र्य आकुंचित झाले. याउलट एड ग्रीनवुड याने बालपणापासून रचलेले जग १९८७ मध्ये फर्गॉटन रेल्म्स या नावाने प्रसिद्ध होऊन इतर असंख्य मोहिमांची पार्श्वभूमी बनले.

कर्तृत्व व मालकी यांविषयीही वाद झाले. स्वामित्वधनासाठी आर्नेसनने १९७९ मध्ये दावा लावला. १९८१ मध्ये तडजोड झाली. २००० मध्ये खेळाचे मूळ नियम खुल्या परवान्याखाली आल्याने इतरांना त्यांवर आधारित साहित्य प्रसिद्ध करता येऊ लागले. जानेवारी २०२३ मध्ये तो परवाना बदलण्याच्या प्रयत्नास तीव्र विरोध झाला. परिणामी प्रकाशकांनी माघार घेऊन मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले केले.

स्वरचित मोहिमेचे मुख्य साधन पंचाची वही असून मुख्य दप्तर खेळाडूंची स्मृती हे आहे. त्यामुळे बहुतेक मोहिमा त्या खेळणाऱ्यांबरोबरच लुप्त होतात. ब्लॅकमूरचा वृत्तांत उपलब्ध आहे, तो मुख्यतः आर्नेसनची टिपणे १९७७ मध्ये पुस्तकरूपाने छापली गेली म्हणून.